मालूच्या बांगड्या

गुरुवारी संध्याकाळी पनवेलच्या बाजारात, नळ-पाइपांच्या एका दुकानावरचा जिना चपलांनी भरून जायचा. खालच्या पायऱ्यांवर पांढऱ्या सँडल, म्हणजे बिल्डर. वरच्या पायऱ्यांवर साध्या स्लीपर, म्हणजे ज्यांच्या जमिनीवर त्या बिल्डरांनी इमारती उठवल्या ते. चपलांवरून माणसाचा ताळेबंद वाचायची मला जुनी खोड आहे. जिन्याच्या टोकाला दारावर पाटी होती: 'नादपीठ. मोबाइल बंद, आत्मा चालू.'

आत थंडगार. खिडक्यांना जाड काळे पडदे, भिंतींना करड्या स्पंजचे चौकोन, आणि मधोमध चौरंग. चौरंगावर देव नव्हता. हळदकुंकू वाहिलेला एक हेडफोन होता, आमटीच्या वाटीएवढ्या दोन गोल जाळ्यांचा, वजनदार. त्याच्यासमोर दोन काळे डबे. डाव्या डब्याला काहीच वाहिलेलं नव्हतं. उजव्याला झेंडूचा हार.

आणि पलीकडे नादगुरू चारुदत्तजी. रेशमी कुडता, गळ्यात रुद्राक्षांच्या जागी चांदीच्या तारेची विणलेली केबल.

"साध्या हेडफोनमध्ये काय असतं? भोंगा!" गुरू म्हणाले. "ह्यात भोंगा नाही. ह्यात पडदा आहे, केसाहून पातळ. दोन्ही अंगांना चुंबक. पडदा म्हणजे जीव, आणि चुंबक म्हणजे?"

"प्रकृती आणि पुरुष!" पुढच्या रांगेने पाठ म्हटला.

"पण एकटा हेडफोन म्हणजे बिनलग्नाचा वर. त्याला अँप्लिफायर ही वधू लागते. आकड्यांचा आवाज करून देणारा कन्व्हर्टर, तो भटजी. तिघांचे छत्तीस गुण जुळले तरच नाद प्रकटतो. ओहम जुळले नाहीत म्हणजे गोत्र जुळलं नाही. आणि ओहम म्हणजे तरी काय हो? ओमच की!"

"अरे वा!" माझ्या शेजारी बसलेल्या हेतलबेननी हात जोडले. त्यांचं खाली बाजारात साड्यांचं दुकान. त्यांचे यजमान मितेशभाई नुसते मान डोलवत होते. गिऱ्हाईक भुलवायची कला परक्याच्या दुकानात बघायला त्यांना फार आवडते.

मी आयुष्यभर पतसंस्थांचे हिशेब तपासले. जिथे सगळे एका सुरात 'वा' म्हणतात तिथे मला व्हाउचर मागावंसं वाटतं. पण त्या दिवशी मी गप्प बसलो होतो, कारण मला इथे आणलं होतं कमळाकरने.

कमळाकर हा उलव्याचा. त्याच्या गावच्या पतसंस्थेचा तो संचालक, आणि सही करण्याआधी कागद वाचणारा मला भेटलेला एकमेव. उमेदीची सगळी वर्षं दगडखाणीत सुरुंगाच्या आवाजात गेली. त्याची बायको मालू धवलारीण होती. आगरी लग्नात धवलारीण धवले गाते, तेव्हा हळद लागते; भटजीचं काम नंतरचं. जासईपासून पळस्प्यापर्यंत मांडव पडला की मालूला बोलावणं यायचं. बाई लहान चणीची, पण आवाज असा की मांडवातली भांडणं थांबायची. दोन पावसाळ्यांपूर्वी ती गेली. सवाष्ण गेली म्हणून गावाने तिला हिरव्या चुड्यासकट पोचवलं.

तिच्या आवाजाची एकच खूण मागे राहिली होती. कमळाकरचा मेहुणा आखातातून टेपरेकॉर्डर घेऊन आला होता, त्या दिवसांत घरी भरलेली एक कॅसेट. दुसरी नाही. कोणी भरलीच नाही. जी बाई आठवड्याला तीन मांडव गाते, तिचा आवाज साठवायचा कशाला?

"कमळाकरजी, या," गुरू म्हणाले.

कमळाकर चौरंगापुढे बसला. त्याच्या कॅसेटवरचा आवाज गुरूंनी आधीच आपल्या यंत्रात उतरवून घेतला होता. हेडफोन त्याच्या डोक्यावर चढला. तार पहिल्यांदा डाव्या, हार नसलेल्या डब्यात गेली.

"ही विजोड जोडी. काय ऐकू येतं?"

"मालूचा धवला. लांबना येतंय, पल्याडच्या आलीतना गाते तसा."

"अजून?"

"नाय. अजून काय नाय."

गुरूंनी डोळे मिटले, ओठ हलवले, तार काढून उजव्या डब्यात खोवली. "आता सजोड."

कमळाकरचा चेहरा मी पाहत होतो. आधी भुवया वर गेल्या. मग तोंड थोडं उघडलं. मग त्या साठी उलटलेल्या, खाणीत पोसलेल्या माणसाच्या डोळ्यांतून पाणी असं वाहू लागलं की हेतलबेनसुद्धा 'अरे वा' म्हणायच्या थांबल्या.

"बांगऱ्या," तो म्हणाला. "ऑडिटरसाहेब, तिच्या बांगऱ्या वाजतान!"

सभेत 'हरी हरी' झालं. गुरू हळूच म्हणाले, "त्या टेपमध्ये बांगड्या होत्या का?"

"कशा असतील? मीच तवा बोललो, बांगऱ्या वाजतील, काढून ठेव. तर बोलते कशी, सवाष्नीचे हात मोकले करताव व्हय? मंग मीच दोनी हातांना रुमाल गुंडालला. घट." तो हुंदका आवरत होता. "आनि त्या बांगऱ्या तर तिच्यासंगं सरनावर गेल्या. मी सोता बघला."

"मग ह्या कुठून आल्या?"

कमळाकर इकडेतिकडे बघू लागला.

"ती आत्ता येऊन बसली," गुरू म्हणाले. "तुमच्या शेजारी."

मी सांगतो, माझ्यासारख्याच्यासुद्धा अंगावर काटा आला. मी उतरून जिन्यावर येईपर्यंत तो काटा बसला नाही.

*

चमत्काराचा पहिला हप्ता नेहमी फुकट असतो. पुढे कमळाकर दर गुरुवारी जाऊ लागला. मग गुरूंनी त्याला तो सगळा संच घरी नेऊ दिला: हेडफोन, भटजी, सजोड डबा आणि मंतरून दिलेली केबल. किंमत इथे लिहीत नाही. वाचणाऱ्याच्या प्रकृतीचा विचार करायला हवा. एवढंच सांगतो की संच दर गुरुवारी 'शुद्धीसाठी' नादपीठात परत आणावा लागे.

कमळाकर उलव्याच्या घरात मधली खोली बंद करून बसायचा. दार ठोठावलं तर उघडायचा नाही. म्हणजे त्याला ठोठावलेलं ऐकूच यायचं नाही.

ही हकिगत मला सांगायला त्याची नात मनस्वी आली. पोरगी पुण्याला नोकरीला, शिक्षण सगळं बाहेर झालेलं. तिचं लग्न ठरलं होतं.

"काका, मला हळदीला आजीचे धवले हवेत," ती म्हणाली. "गावात आता गाणारी एक भामाआजी, तिला अर्धेच येतात. बाकीचे त्या कॅसेटवर आहेत. मी आजाला म्हटलं, कॅसेट दे, मी ऐकून शिकते. तर म्हणतो, अमावास्येला ती खाडीत सोडायची आहे."

"कशात?"

"खाडीत! त्या गुरूने सांगितलंय. आवाज दोन ठिकाणी राहिला की आत्मा अडकतो. जुनी टेप म्हणजे जुनं शरीर. शरीराचं काय करतात? विसर्जन. आणि गुरूकडची फाइल गुरूच्याच डब्यावर वाजते, दुसरीकडे नाही. मग उरलं काय?"

पोरगी हुशार. तिने माझ्याआधी हिशेब मांडला होता. मूळ कॅसेट पाण्यात गेली की ताडून बघायला काही उरत नव्हतं. मालूचा आवाज एका काळ्या डब्यात आणि डब्याची किल्ली एका रेशमी कुडत्याच्या खिशात. माझ्या धंद्यात याला आम्ही मूळ पावती फाडून टाकणं म्हणतो.

"तू स्वतः ऐकलीस ती कॅसेट कधी?"

"कधीच नाही. आजी असताना कोण लावणार? आणि गेल्यावर आजा कुणाला हात लावू देत नाही."

मी कमळाकरला भेटायला गेलो. मधल्या खोलीचं दार उघडं होतं. तो हेडफोन घालून बसला होता आणि मला चार हात लांबून धवला स्पष्ट ऐकू येत होता. कानाला चिकटलेल्या यंत्रातला आवाज दारापर्यंत!

मी खांदा हलवला तेव्हा त्याने हेडफोन काढला.

"कमळाकर, पोरीला ती टेप दे."

"द्यायला माझी हाय का ती? मालू अरकलीय तिच्यात." मग जरा थांबून, कानाकडे हात नेत म्हणाला, "पन एक सांगू? बांगऱ्या हल्ली बारीक झाल्या. आवाज वारवला तं येतान. गुरू बोलतान, टेप सोडली का मंग मोकल्या वाजतील."

हे ऐकून मला चमत्काराचं हसू आलं नाही. माणूस बायकोला दुसऱ्यांदा हरवत होता आणि प्रत्येक वेळी आवाजाची खुंटी जास्त पिळत होता.

*

पनवेलमध्ये ज्युडिथताईंना सगळे ओळखतात. इथल्या ज्यू समाजातल्या सॅमसन सरांची मुलगी. भावंडं इस्रायलला गेली. ही मागे राहिली आणि बाजारात कानांच्या तपासणीचा दवाखाना काढून बसली. आईवडिलांचं घर आवरून आता ती अख्ख्या गावाचे कान आवरते. मी आणि मनस्वीने तिला सगळं सांगितलं. तिने मला एकच प्रश्न विचारला.

"दुसऱ्या डब्यावर आवाज मोठा असतो का?"

"मला काय माहीत? मी कधी घातला नाही तो."

"ऑडिटर ना तुम्ही?" ती म्हणाली. "मग मोजलं का नाही?"

आम्ही तिघं पुढच्या गुरुवारी गेलो. अमावास्या त्या आठवड्यातच होती. कमळाकर कॅसेट घेऊनच आला होता, हिरव्या खणात गुंडाळलेली. मनस्वीच्या हातात घरचा जुना टेपरेकॉर्डर होता. तो तिने आजाला न विचारता आणला होता आणि ओढणीखाली लपवायचा प्रयत्न करत होती. टेपरेकॉर्डर लपत नसतो.

"हे काय गो?" कमळाकर म्हणाला.

"शेवटचं एकदा तुझ्या टेपवर ऐकू, आजा. मग सोड."

गुरूंचं प्रवचन रंगात होतं. ज्युडिथताई शेवटपर्यंत शांत बसल्या. मग हात वर केला.

"गुरुजी, एक शंका. दोन्ही डब्यांचा आवाज सारखा करून ऐकवाल?"

"ताई, नाद मोजायचा नसतो. अनुभवायचा असतो."

"बरोबर. मोजायचं मी बघते, अनुभव काका घेतील." तिने पिशवीतून एक छोटं यंत्र काढलं. "आवाज किती मोठा आहे ते हे सांगतं. थर्मामीटर ताप सांगतो तसं."

"अविश्वासाचं यंत्र पीठावर आणायचं नाही!"

मितेशभाईंनी इथे तोंड उघडलं. "गुरुजी, आमी दुकानात काटा गिऱ्हाइकासमोरच ठेवतो. माल चोख असला की काट्याची भीती कशाला?"

सभेत कुजबुज झाली. गुरूंनी कमळाकरकडे पाहिलं. "तुमची पत्नी अपमान सहन करेल?"

कमळाकर खणातल्या कॅसेटवर हात ठेवून बसला होता. "मालूनी मांडवात सतरा लोकांचे टोमने आयकलान," तो म्हणाला. "मोज गो बाय."

ज्युडिथताईंनी पुठ्ठ्याच्या चकतीला भोक पाडून आणलं होतं. ती हेडफोनच्या वाटीवर बसवून भोकात यंत्राचं टोक धरलं. डावा डबा लावला, आकडा सगळ्यांना दाखवला. उजवा डबा लावला. आकडा टुणकन वर गेला.

"हा मोठा वाजतोय," ती म्हणाली. "बराच मोठा. दोन्हींच्या खुंट्या एकाच जागी आहेत, पण आतून हा जास्त ताकद देतो."

"तेच तर सजोड!"

"आता गंमत बघू. मितेशभाई, तुमची शाल द्या."

शाल दोन्ही डब्यांवर पडली. कमळाकरला पाठमोरं बसवलं. तारा बदलायचं काम मितेशभाईंचं. ज्युडिथताईंनी आधी दोन्ही डबे त्या खालच्या आकड्यावर आणले. गाण्याचा तुकडा दर वेळी तोच.

"काका, हा पहिला. बांगड्या?"

"नाय."

"हा दुसरा."

"नाय." त्याने हेडफोन हातांनी कानावर दाबला. "गुरूजी, ती आज आलेली नाय वाटतं."

"तिला राग आलाय," गुरू म्हणाले.

"आता दोन्ही मोठ्या आकड्यावर," ज्युडिथताई म्हणाल्या. "हा एक."

"आली! वाजतान!"

"हा दुसरा."

"वाजतान. ह्याच्यातना पन."

मितेशभाईंनी शाल ओढली. हार नसलेल्या, विजोड, गोत्र न जुळलेल्या डाव्या डब्यात तार होती. सभेत कोणीतरी फिसकन हसलं आणि दुसऱ्याने त्याला गप्प केलं. कमळाकर मागे वळून त्या डब्याकडे बघत राहिला.

"म्हणजे काय झाला?" त्याने विचारलं.

"काका, ह्या जातीचा हेडफोन पोटभर करंट मागतो, एवढं खरं आहे," ज्युडिथताई खाली बसत म्हणाल्या. "मोबाइलला थेट जोडला तर बारीक, मरगळलेला वाजेल. म्हणून चांगला अँप्लिफायर हवा, आणि खरखर न करणारा कन्व्हर्टर. तो खर्च वेडेपणाचा नाही. पण एकदा पोट भरलं की भरलं. उलट हा बिचारा फार समजूतदार जातीचा, कुठल्याही बऱ्या अँप्लिफायरशी जमवून घेतो. पत्रिका बघावी लागत नाही. आणि कान असा असतो, की जे जरा मोठं वाजतं ते त्याला जास्त खरं वाटतं. दुकानदार हे जाणतात."

"म्हंजे ती येत नाय."

मी खाली बघितलं. पुराव्याने माणूस खोटा ठरवणं मला नवीन नाही. पण इथे जो खोटा ठरत होता तो चौरंगापलीकडे होता आणि जो मोडत होता तो अलीकडे.

"बांगऱ्या तं हायत ना?" कमळाकर म्हणाला. "मोठ्या आवाजात का होईना, हायत. मी रुमाल बांधलेला. मंग त्या कुठनं आल्या?"

ज्युडिथताईंनी मनस्वीला खूण केली. मनस्वीने टेपरेकॉर्डर जमिनीवर ठेवला, वायर खोवली. कमळाकरने खण सोडला, कॅसेट हातात धरून राहिला, आणि शेवटी स्वतःच आत घातली.

खरखर झाली. मग मालूचा आवाज आला. यंत्र जुनं, स्पीकर फाटका, तरी त्या स्पंजच्या खोलीत तो मांडवासारखा भरला. सभेतल्या उलव्याच्या दोन बायकांनी पदर डोळ्यांना लावला. पहिला धवला संपला. दुसरा सुरू झाला.

मनस्वी एकदम वळली. "हे काय वाजतंय?"

"मलाही ऐकू आलं," हेतलबेन म्हणाल्या. "बांगडियो. काचेच्या."

"हो, हो," मागून कोणीतरी म्हणालं. मी कान दिला. दुसऱ्या धवल्याच्या तालावर, बाई हात हलवते तशा, बारीक, स्वच्छ, किणकिण. फाटक्या स्पीकरवर. मंत्राशिवाय.

"कुठं?" कमळाकरने विचारलं. त्याने टेपरेकॉर्डरला कान लावला. "कुठं वाजतान?"

"आता, आजा. आत्ता वाजल्या."

"मना नाय येत." त्याने दुसरा कान लावला. मग आमच्या सगळ्यांच्या तोंडांकडे एकेक करून पाहिलं. "तुमाला सगल्यांना येतान?"

हेतलबेननी मान हलवली. त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं.

"मना एकट्याला नाय."

खोलीत फक्त मालू गात होती.

"काका," ज्युडिथताई म्हणाल्या, "खाणीतले सुरुंग. कानात आत बारीक केसांसारखं काही असतं, त्याने आवाज कळतो. मोठ्या दणक्याने ते मरतं आणि पुन्हा उगवत नाही. उंच, बारीक आवाज पहिले जातात. बांगडी, चिमणी, पैंजण. बोलणं शेवटी जातं, म्हणून माणसाला कळत नाही आपलं काय गेलं. त्या बांगड्या पहिल्यापासून टेपवर आहेत. तुम्हालाच त्या यायच्या नाहीत. यांनी आवाज वाढवला, तेव्हा पहिल्यांदा आल्या."

"पन रुमाल?"

"भरली तेव्हा पूर्ण ऐकली होती का?"

कमळाकर आठवत राहिला. "पयला धवला आयकला," तो म्हणाला. "बरा आला का बघायला. मंग बंद केली. दुसरा नाय आयकला. ती होतीच ना समोर." त्याने हात पुढे करून बघितले, जणू तिथे अजून तो रुमाल होता. "दुसऱ्या गान्याला रुमाल सुटला आसंल तिचा. आनि बोलली नाय. मी रागवीन म्हनून."

तो हसला. त्या हसण्याकडे बघवेना.

"गुरुजी," मी म्हणालो, "टेप उतरवताना तुम्हाला बांगड्या ऐकू आल्या असतील ना? तुमचे कान तर शाबूत आहेत."

चारुदत्तजींनी केबल गळ्यात नीट केली. "मी त्यांना आनंद दिला."

"त्याची पावती त्यांच्या कानांवर फाटली," ज्युडिथताई म्हणाल्या. एवढा वेळ तिचा आवाज चढला नव्हता, आता चढला. "जेवढ्या मोठ्याने तुम्ही ह्यांना रोज ऐकायला लावलंत ना, तेवढ्यात उरलेलं पण जातं. म्हणूनच बांगड्या बारीक होत होत्या. आणि तुम्ही म्हणत होता, टेप खाडीत सोडा!"

गुरू म्हणाले की ज्यांची श्रद्धा कमी त्यांनी बाहेर जावं. लोक गेले. पण वेगळ्या कारणाने. सगळ्यात पुढे मितेशभाई, शाल घडी करत. जिन्यावर चपला शोधताना कोणी कोणाच्या डोळ्याला डोळा देत नव्हतं. फसलेला माणूस पहिली लाज स्वतःची बाळगतो, फसवणाऱ्याला तिचाच फायदा.

पुढच्या आठवड्यात पाटी उतरलेली दिसली. संच परत घेणार का म्हणून विचारायला मी गेलो, तर खोलीत फक्त स्पंज होता. ऐकतो की दुसऱ्या कुठल्याशा गावात नादपीठ निघालंय. निघणारच. जिथे कोणी मेलेलं असतं तिथे गिऱ्हाईक असतं.

*

ज्युडिथताईंनी कमळाकरचे कान नीट तपासले. श्रवणयंत्र दिलं. त्या यंत्राने बोलणं अधिक नीट कळू लागलं, दार वाजलेलं कळू लागलं. बांगड्यांचं तिने आधीच सांगितलं होतं: येतीलही, नाहीही. आल्या नाहीत. आणि आवाज वाढवायचा नाही, अशी तिची सक्त ताकीद होती.

कॅसेटची तिने साधी प्रत काढून मनस्वीला दिली, कुठल्याही फोनवर वाजणारी. मूळ कॅसेट पुन्हा खणात गेली. खाडीत काही गेलं नाही.

हळदीच्या आदल्या दिवशी मी उलव्याला गेलो. मधल्या खोलीचं दार उघडं होतं. तो महागडा हेडफोन खुंटीला टांगला होता. पोरीने तो काढून टाकू दिला नव्हता, म्हणाली, यंत्राचा काय दोष? टेपरेकॉर्डर हळू आवाजात चालू होता. मनस्वी मालूच्या मागोमाग धवला म्हणत होती, अडखळत, पुन्हा धरत. कमळाकर शेजारी भिंतीला टेकून बसला होता. त्याचा हात तिच्या हातात होता.

दुसरा धवला सुरू झाला. मनस्वी गाता गाता थांबली नाही. फक्त तिची बोटं त्याच्या तळव्यावर दाबली गेली. पुन्हा एकदा. मग पुन्हा.

"वाजली?" तो विचारायचा.

ती मान हलवायची.

तो डोळे मिटून ती दाबलेली बोटं मोजायचा, ऐकल्यासारखा.

मेलेलं माणूस परत आणून देतो असं सांगणारा भेटला, तर मित्रांनो, त्याला एकच विनंती करा: दोन्ही डबे सारख्या आवाजात वाजवून दाखव. खरं असेल तर सारख्या आवाजातही खरंच राहील. आणि जे गेलं ते गेलं म्हणायची छाती होत नसेल, तर कोणाचा तरी हात धरा. आपल्याला जे येत नाही ते दुसऱ्याला ऐकू येत असतं. त्याला विचारायला गुरू लागत नाही.